शाळेत तीन वर्षं फ्रेंच-जर्मन शिकून मुलं बोलत का नाहीत?

उन्हाची_तिरीप (धागाकर्ती)

सरळ मुद्द्यावर येते. मी पुण्यात कोथरूडला घरी फ्रेंचच्या शिकवण्या घेते. शाळेत नोकरी कधी केली नाही, पण आठवी ते दहावी शाळेत फ्रेंच घेतलेली मुलं नंतर माझ्याकडे येतात आणि त्यांना बघून डोक्यात जे साठलंय ते इथे ओततेय.

मध्यंतरी एक मुलगा आला, दहावीला फ्रेंचमध्ये शंभरात सत्त्याण्णव. हुशार, चुणचुणीत. त्याला फ्रेंचमधूनच विचारलं की बाबा रे, तुझ्या सॅकमध्ये काय काय आहे? गप्प. परत विचारलं, सावकाश. तर म्हणतो, "मिस, लिहून दाखवाल का?" लिहून दाखवल्यावर लगेच कळलं त्याला, आणि उत्तरही लिहून दिलं, प्रत्येक नामाला बरोबर लिंग लावून, एक चूक नाही! म्हणजे तीन वर्षं पोरगा फक्त कागदावर असणारी भाषा शिकला. त्याच्या वहीत 'सुट्टीत मित्रास पत्र' होतं आणि तेच पत्र मी आधी दुसऱ्या शाळेतल्या एका मुलीच्या वहीत बघितलेलं, तोच समुद्रकिनारा, तीच मावशी. (ती मावशी बहुधा निम्म्या पुण्याची आहे.)

यात मुलांचा दोष नाही आणि शिकवणाऱ्या बाईंचाही फारसा नाही. आठवड्याला तीन किंवा चार तास, तेही पस्तीस मिनिटांचे, त्यात गॅदरिंग, स्पोर्ट्स डे, परीक्षा. वर्षाला धरून चाला साठ ते ऐंशी खरे तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी संस्था त्यांच्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते ती फ्रेंचला साधारण ६०० ते ७५० तास धरते, जपानीला २२००, आणि ते सुद्धा मोठी माणसं, पगारी, दिवसभर तेवढंच काम. आपल्याकडे तीन वर्षांचे मिळून दोनशे-सव्वादोनशे तास होतात आणि तेवढ्यात पुस्तक सब्जाँक्तिफपर्यंत (इच्छा, गरज, शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप) पळवतात. ज्या मुलाला "पाणी देता का" म्हणता येत नाही तो "त्याने यावं अशी माझी इच्छा आहे" याचे रकाने भरतोय.

माझं म्हणणं असं आहे की पहिले सहा महिने लिखाण जवळजवळ बंद ठेवा. ऐकायचं, समजलं की हाताने, हालचालीने, चित्र दाखवून उत्तर द्यायचं, मग छोटी छोटी पुस्तकं वाचायची, इतकी सोपी की शंभरातले पंच्याण्णव-अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचेच असतील. व्याकरण अर्ध्यावर आणा. आणि समजावून सांगताना इंग्रजीच्या आडवाटेने जाऊ नका! मराठी मूल आणि फ्रेंच भाषा यांच्यामध्ये इंग्रजी कशाला उभी करायची? टेबल पुल्लिंगी की स्त्रीलिंगी हा प्रश्न इंग्रजीतून ऐकला की पोरं हसतात. मराठीतून सांगितलं की कोणाला काही वाटत नाही, कारण आपल्याकडे भिंत ती आणि दरवाजा तो हे घरूनच आलेलं असतं, विशेषणसुद्धा आपण बदलतोच की.

शिक्षक, पालक, शाळेत अशा भाषा शिकलेले, सगळ्यांनी लिहा. मला विरोध ऐकायचाय.

मधल्या_सुट्टीतला

विरोध ऐकायचाय ना, घ्या. 😀

मुळात फ्रेंच बोलायला कोण घेतं? मी घेतलं होतं कारण ताईच्या मैत्रिणीला पंच्याण्णव पडले होते. आमच्या वर्गात निम्मे संस्कृतला आणि निम्मे फ्रेंचला गेले ते फक्त कशात जास्त पडतात ते बघून. अकरावीला चांगलं कॉलेज मिळालं, विषय संपला. तुम्ही म्हणता तसं पहिले सहा महिने नुसतं ऐकायला लावलं असतं तर आमच्या मातोश्री शाळेत पोचल्या असत्या वही कोरी का म्हणून. पालकांना वहीत लाल शाईच्या बरोबरच्या खुणा दिसाव्या लागतात, त्यालाच ते शिक्षण समजतात.

उन्हाची_तिरीप

@मधल्या_सुट्टीतला मान्य, पण मग तीन वर्षांत तुम्हाला नेमकं काय मिळालं ते सांगा.

मधल्या_सुट्टीतला

सत्त्याण्णव. नाही, ब्याण्णव. आणि "जे ने से पा" (मला माहीत नाही) हे एक वाक्य. अजूनही येतं, ऑफिसात बॉसने काही विचारलं की मनातल्या मनात म्हणतो.

कोयनाकाठ

नमस्कार. तुम्ही मंडळी फ्रेंच-जर्मनचं बोलताय, मी सातारा जिल्ह्यात एका अनुदानित शाळेत इंग्रजी शिकवतो आणि आमच्याकडच्या पोरांना इंग्रजी हीच परदेशी भाषा. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे माझ्या समोर नववीत बसलेलं पोरगं आठ वर्षं इंग्रजी शिकून आलेलं असतं. त्याच्या घरी कोणी बोलत नाही, गल्लीत कोणी बोलत नाही, तो भाषा ऐकतो ती माझ्या तोंडून, तेवढ्या पस्तीस मिनिटांत. आणि ती पस्तीस मिनिटं मी काय करतो तर धडा वाचतो, मराठीत अर्थ सांगतो, प्रश्नोत्तरं फळ्यावर. वर्गात चौसष्ट पोरं. ऐका-बोला म्हणणं सोपं आहे ताई, चौसष्ट जण एकदम बोलले तर शेजारच्या वर्गाचे सर काठी घेऊन येतात.

दुखणं खरं कुठे आहे सांगू का, तोंडी परीक्षेत. भाषेला वीस मार्क तोंडीचे, आपल्या शाळेतच द्यायचे. फेब्रुवारीत एखाद्या दुपारी पोरं स्टाफरूमच्या बाहेर रांगेत उभी. एकेक आत येतं, "टेल मी समथिंग अबाऊट युअरसेल्फ", पाठ केलेलं म्हणतं, मध्येच अडकलं की छताकडे बघतं, पुढच्या पोराला मी बोलावतो, अठरा घालतो. का घालतो, तर शेजारच्या शाळेत एकोणीस घालतात म्हणून. मग बोर्डाने २०१८-१९ ला हे वीस मार्कच काढून टाकले आणि सगळा पेपर लेखी केला. दहावीचा निकाल २०१८ ला ८९.४१ टक्के होता तो २०१९ ला ७७.१० वर आला. ओरडा झाला, सीबीएसई-आयसीएसईवाल्या पोरांपुढे आमची पोरं अकरावीच्या प्रवेशात मागे पडतात म्हणून (ते खरंच होतं), आणि पुढच्या वर्षी वीस मार्क परत आले. २०२० ला निकाल ९५.३०. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, ते धरूनही बघा. या सगळ्या भांडणात एका माणसाने विचारलं नाही की त्या वीस मार्कांत पोरगं बोलतं का. काढले तेव्हा पण निकालासाठी, ठेवले तेव्हा पण निकालासाठी.

बाकी मोठ्या वर्गाचं म्हणाल तर उत्तर आहे, आणि ते बाहेरच्या देशातून आणायला लागत नाही. एन. एस. प्रभू म्हणून गृहस्थ, ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास ऑफिसात होते, त्यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर-मद्रासकडच्या साध्या शाळांत प्रयोग केला. वर्गात व्याकरण शिकवायचंच नाही, पोरांना डोकं लावायचं काम द्यायचं, रेल्वेचं टाइमटेबल, नकाशा, अंतरं, आणि ते काम इंग्रजीतून सोडवायचं. लक्ष कामावर, भाषा आपोआप येते. टास्क-बेस्ड, म्हणजे कामातून भाषा शिकवणं, म्हणून जे जगभर चालतं त्याच्या मुळाशी हा बंगळूरचा प्रयोग आहे, आणि आम्हाला बी.एड.ला दोन ओळीत सांगून पुढे गेले. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते गट करा-गोल बसा असलं काही म्हणत नाहीत. आधी मास्तरने अख्ख्या वर्गाबरोबर तसंच एक काम तोंडी सोडवायचं, मग प्रत्येकाने आपापल्या कागदावर दुसरं. चौसष्ट पोरांत हे जमतं.

मी एसटीचं केलं. कराड स्टँडवरच्या वेळा कागदावर उतरवल्या, थोड्या माझ्या मनाने भरल्या. सकाळची साडेसहाची चुकली, स्वारगेटला बाराच्या आत पोचायचंय, कुठली पकडाल, साताऱ्यात उतरून बदलली तर चालेल का. सगळे प्रश्न इंग्रजीत. मागच्या बाकावरचा एक जण, जो वर्षभर हजेरीला सुद्धा "यस सर" धड म्हणत नाही, तो उठून म्हणाला "सर बस गो सेवन फिफ्टीन, रीच इलेव्हन, ओके." मी व्याकरण दुरुस्त केलं नाही, "यस, द बस लीव्ज ॲट सेवन फिफ्टीन" म्हणून पुढे गेलो. त्यावर दुसरा भांडायला लागला की ती गाडी रविवारी नसते. इंग्रजीत भांडला! "सर संडे नो बस." महिन्यातून दोनदा करतो आता. जास्त जमत नाही, पोर्शन असतो.

शेवटचा_बाक

कोयनाकाठ सर, दंडवत. अप्रतिम प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

माझे दोन पैसे जपानीबद्दल. पुण्यात आता बऱ्याच शाळांत जपानी आलंय, पालकांना हिंजवडी दिसते. मी शाळेत नाही, इंजिनीअरिंग करताना शिकलो, जपानीच्या पात्रता परीक्षेत (जेएलपीटी) एन३ झालोय आणि रोज जपानी क्लायंटशी बोलतो. ही जेएलपीटी जी जुलै आणि डिसेंबरला होते ना, सोप्या एन५ पासून अवघड एन१ पर्यंत, तिच्यात बोलण्याची परीक्षाच नाही. लिहिण्याचीही नाही. सगळं पर्यायातून गोल रंगवायचं. आणि सगळे क्लास, आता शाळाही, तिच्याकडे बघून शिकवतात. आमच्या टीममध्ये एन२ झालेली मुलगी आहे, वाचायला वाघ, कॉल लागला की म्यूटवर. कांजी (जपानी चित्राक्षरं) ओळखायला ती मला हरवते, पण क्लायंट फोनवर पुटपुटला की कागद माझ्याकडे सरकवते.

गंमत म्हणजे जपानमध्ये स्वतःचं इंग्रजीचं दुखणं अगदी हेच आहे. मिडल स्कूल-हायस्कूल मिळून सहा वर्षं इंग्रजी आणि बोलायला सांगितलं की घाम. त्यांनी १९८७ पासून परदेशी तरुणांना शाळांत सहायक म्हणून आणायची योजना चालवली, २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय केला, तरी विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेत जे येतं तेच वर्गात चालतं असं माझे तिकडचे सहकारी सांगतात. म्हणजे माणूस आणून बसवला तरी पेपर बदलत नाही तोवर काय होणार.

तिरीपताईंच्या इंग्रजीच्या आडवाटेवर मात्र +१००. मराठी माणसाला जपानी वाक्य उलटं वाटतच नाही. क्रियापद शेवटी, आणि आपण 'पुण्याला', 'पुण्यात', 'पुण्याहून' म्हणतो तसे त्यांचे पण छोटे शब्द नामाच्या मागे लागतात. क्लासमध्ये मला हे इंग्रजीतून उलटं करून शिकवलं, मग मी ते मनात परत सुलटं केलं.

जुनाट_कपाट

थोडा कडवट सूर लावतो, राग मानू नका.

भाषांतराला इतकं झोडपायचं कारण नाही. आमच्या वडिलांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली, त्यात "माझ्या भावाच्या घोड्याला शेपूट आहे" छापाची वाक्यं इकडून तिकडे करायची. त्यातूनच कोर्टात उभे राहणारे वकील झाले, मामलेदार झाले, इंग्रजी कादंबऱ्या वाचणारे कारकून झाले. आता सगळ्यांना बोलायचंय. कोणाशी बोलायचंय? आठवीतल्या मुलाला कोथरूडमध्ये कोणता फ्रेंच माणूस भेटणार आहे? त्याला वाचता आलं तर आयुष्यभर पुरेल. आणि नियम पाठ असल्याशिवाय वाक्य उभं राहत नाही, हे संस्कृतवाल्यांना विचारा. ऐकून ऐकून भाषा येते हे आईच्या मांडीवर ठीक, पस्तीस मिनिटांच्या तासाला नाही.

उन्हाची_तिरीप

@जुनाट_कपाट राग कसला काका, यासाठीच तर धागा काढला. वाचनाबद्दल तुम्ही माझ्याच बाजूने बोलताय! मायकेल वेस्ट म्हणून इंग्रज शिक्षक ढाक्याला टीचर्स ट्रेनिंग कॉलेजात होते, १९२६ साली त्यांनी हेच मांडलं की बंगाली मुलगा शाळा मध्येच सोडणार, त्याला इंग्रज भेटणार नाही, तर आधी वाचायला शिकवा. पण त्यासाठी त्यांनी काय केलं, तर भाषांतर नाही करवलं, मोजके शब्द निवडून सोपी पुस्तकं लिहिली, ढिगाने. शेपटीच्या वाक्याचं भाषांतर करणारा मुलगा तासात पंधरा वाक्यं बघतो. सोपी गोष्ट वाचणारा तेवढ्याच वेळात दोन-तीनशे बघतो, आणि पुढे काय झालं म्हणून पान उलटतो. आपल्या किती शाळांच्या लायब्ररीत फ्रेंच किंवा जर्मनमधली, आठवीच्या मुलाला एकट्याने वाचता येतील अशी वीस पुस्तकं आहेत? मी तरी अजून एकही शाळा बघितली नाही.

आणि वकील-मामलेदार झाले ते दिवसभर इंग्रजी कागद वाचत होते, साहेबाचं इंग्रजी ऐकत होते. श्रेय सगळं शेपटीला देऊ नका.

नेकारकाठी

जर्मनीतून, श्टुटगार्टजवळून. मुलगी इथल्या गिम्नाझियममध्ये (पाचवीपासूनची माध्यमिक शाळा) आहे, पाचवीत आलो आम्ही.

कोयनाकाठ सरांनी तोंडीचं लिहिलं म्हणून लिहावंसं वाटलं. इथे इंग्रजीच्या प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीत तोंडी भाग मोठा असतो, बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या आसपास, आणि तो एका दुपारच्या परीक्षेतून येत नाही. वर्षभर वर्गात हात वर करून किती आणि काय बोललात यावर. आमची कन्या पुण्याहून आलेली, लेखी सगळं सुरेख, पहिल्या पालकसभेत बाई म्हणाल्या तिचा पेपर एक नंबर आहे पण ती बोलतच नाही, त्यामुळे श्रेणी खाली. मला अन्याय वाटला तेव्हा! पण दिवाळीपर्यंत पोरगी चुकतमाकत बोलायला लागली, कारण चूक झाली तर मार्क जात नाहीत आणि गप्प बसलं तर जातात. आपल्याकडे बरोबर उलटं, गप्प बसणारा सुरक्षित.

दुसरं म्हणजे 'जितक्या लवकर तितकं बरं' हे. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये, पहिलीपासून परदेशी भाषा होती ती त्यांनी २०१८-१९ पासून तिसरीवर नेली, ते तास जर्मन आणि गणिताला दिले. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाने २०२१-२२ ला तेच केलं. महाराष्ट्रात कोणी पहिलीतून इंग्रजी तिसरीवर नेतो म्हणालं तर काय होईल, विचार करा.

संपादक

सूचना: पहिलीपासून तिसरी भाषा, एप्रिल-जून २०२५ चे जीआर आणि हिंदी याबद्दलचे चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यावर वेगळा धागा आहे, तिथे भांडा. इथे परदेशी भाषा आणि वर्गातली पद्धत एवढंच.

दुपारची_शाळा

केंद्रीय विद्यालयाचा अनुभव कोणी लिहिला नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलाला सहावीपासून तिसरी भाषा म्हणून जर्मन होतं, २०११ ला केंद्रीय विद्यालय संघटन आणि गोएथे इन्स्टिट्यूटचा (जर्मन भाषा शिकवणारी जर्मनीची संस्था) करार झाला होता त्यातून आलेलं. पद्धत खरंच वेगळी होती हो, गाणी, खेळ, शिक्षकांना गोएथेचं वेगळं ट्रेनिंग, मुलं घरी येऊन जर्मनमध्ये आकडे मोजत पायऱ्या चढायची. आणि २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये वर्ष अर्धं झालेलं असताना निर्णय आला, जर्मनच्या जागी संस्कृत. देशभरातली सत्तर हजारांवर मुलं होती त्यात. मला संस्कृतचं वावडं नाही, माझ्या सासऱ्यांनी जन्मभर शिकवलं ते. पण पद्धत कितीही सुधारा, विषयच कधी काढतील याचा भरवसा नसेल तर चांगला शिक्षक कशाला टिकेल त्यात? आमच्या जर्मनच्या बाई करारावर होत्या, त्या एका आयटी कंपनीत गेल्या. आता म्हणे तिप्पट पगार आहे.

शिक्षकांच्या पगाराबद्दल या धाग्यावर कोणीच बोललं नाहीये हे पण बघा. शाळेत तासिकेवर येणारी फ्रेंचची बाई दिवसात तीन शाळा करते, ती कुठून सोपी पुस्तकं गोळा करणार.

मांडवीपार

गोव्यातून. आमच्याकडे पोर्तुगीज आहे, काही हायस्कुलांत आठवीपासून घेता येते. फुंदासांव ओरिएंते ही संस्था पणजीला फोन्तेनासमध्ये आहे, ती मदत करते शिकवण्याला. घेणाऱ्यांची कारणं सरळ असतात, एक तर मार्क, दुसरं म्हणजे पोर्तुगीज पासपोर्ट काढलेले किंवा काढू पाहणारे नातेवाईक.

पण आमच्या सरांनी एक गोष्ट केली ती सांगतो. १९६१ च्या आधीचे जमिनीचे कागद आमच्याकडे पोर्तुगीजमध्येच आहेत, घरोघरी ट्रंकेत पडलेले असतात आणि वाचता कोणाला येत नाहीत, वकील पैसे घेऊन भाषांतर करून आणतो. सरांनी सांगितलं घरात जुना कागद असेल तर झेरॉक्स आणा. मी आजोबांच्या विक्रीखताचा आणला. आधी फक्त ओळखीच्या गोष्टी शोधायच्या, नावं, गावं, तारीख, चतुःसीमा, पूर्वेला कोणाची बाग पश्चिमेला कोणाचं शेत. व्याकरण दिव्य होतं आमचं पण कागद लागला. आईला मी वाचून दाखवलं की आपल्या माडांच्या बागेची हद्द ओहोळापर्यंत आहे, तर काकाशी बोलणं बंद झालं आमचं तीन महिने. 😂 भाषा शिकण्याचा असाही उपयोग.

@जुनाट_कपाट कोणाशी बोलायचं विचारलंत ना, तर कागदाशी बोलता येतं, पण कागद आपल्या घरचा हवा.

थंडीतला_सूर्य

ओटावा, कॅनडा. तिरीपताई, तुमच्या ऐकण्या-वाचण्याच्या मुद्द्याला अर्धाच पाठिंबा.

आमची दोन्ही मुलं फ्रेंच इमर्शनला आहेत, म्हणजे घरी मराठी, रस्त्यावर इंग्रजी आणि शाळेत गणित-विज्ञान सुद्धा फ्रेंचमधून. हा प्रकार १९६५ ला माँत्रेआलजवळ सँ-लाँबेर इथे पालकांच्या हट्टाने सुरू झाला. मुलांना समजतं सगळं. सिनेमा बघतात, पुस्तकं वाचतात. पण बोलताना लिंग चुकतं, क्रियापदं चुकतात आणि वर्षानुवर्षं चुकतच राहतात, ते सुधारत नाही आपोआप. इथे त्यावर भरपूर अभ्यास झालाय, मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये तेच मांडलं की नुसतं ऐकून-वाचून भागत नाही, बोलायला आणि लिहायला भाग पाडलं, समोरच्याला न कळल्यावर वाक्य परत जुळवावं लागलं, तरच ती भाषा पक्की बसते. इथे हजारो तास ऐकूनही ही गत, तर तुमच्या दोनशे तासांत लिखाण सहा महिने बंद ठेवून काय साधणार? मी म्हणेन लिखाण ठेवा पण चार ओळींचं, स्वतःचं, ती मावशी नको.

उन्हाची_तिरीप

@थंडीतला_सूर्य हा खरा विरोध, धन्यवाद. सहा महिन्यांच्या ऐवजी पहिली सहामाही अर्धी म्हणूया का, दिवाळीच्या सुट्टीपर्यंतही नाही, गणपतीपर्यंत. त्यानंतर चार ओळी. पण मी लिखाण बंद म्हणते ते लिखाणाच्या वैरामुळे नाही हो. आपल्याकडे वही उघडली की फळ्यावरचं उतरवणं सुरू होतं आणि तास तिथेच संपतो. तुमच्याकडे 'स्वतःच्या चार ओळी' म्हटलं की मूल स्वतः लिहितं, इथे बाई लिहून देतात आणि चाळीस जण उतरवतात, कारण चाळीस वेगळ्या वह्या तपासायला वेळ कुठून आणायचा. तासिकेवर तीन शाळा करणाऱ्या बाईंनी तर नाहीच, दुपारची_शाळा म्हणतात ते अगदी पटलं.

चुका राहतात याचं मला इतकं भय वाटत नाही. सत्त्याण्णववाला मुलगा चुकत नव्हता. मला चुकणारा द्या, त्याला दुरुस्त करता येतं. न बोलणाऱ्याचं काय दुरुस्त करू?

जुनाट_कपाट

शेवटच्या वाक्यावर आक्षेप नाही. पण नियम सांगायला लाजू नका एवढंच म्हणेन. जर्मन शिकताना आमच्या मास्तरांनी अक्कुझाटिव्ह म्हणजे आपली द्वितीया, डाटिव्ह म्हणजे चतुर्थी असं एका तासात सांगितलं आणि तीन लिंगं तर मराठीतच आहेत म्हणाले. तेच पुढे इंग्रजी माध्यमातल्या नातवाला शिकवायला गेलो तर दोन आठवडे लागले, त्याला मराठीतलं नपुंसकलिंगच माहीत नाही. नियम मराठीतून सांगितला की चटकन बसतो आणि मग बोलायला वेळ उरतो.

उन्हाची_तिरीप

काका, हे मी वर लिहिलेलंच तुम्ही जास्त चांगलं लिहिलंत. 🙏

कोयनाकाठ

नेकारकाठी ताईंच्या प्रतिसादावर कालपासून विचार करतोय. तोंडीचे वीस मार्क फेब्रुवारीत एका दुपारी द्यायच्या ऐवजी जूनपासून वहीत नोंद ठेवली तर? माझ्या डोक्यात असं आहे, रोज पाच पोरं, हजेरीच्या क्रमाने, त्या तासाला त्यांच्याकडे माझं लक्ष. एक वाक्य स्वतःचं बोलला, खूण. पाठ केलेलं बोलला, खूण नाही. चौसष्ट पोरं म्हणजे तेरा तासांत एक फेरी, वर्षात दहा फेऱ्या आरामात होतात. कागदपत्र म्हणून दाखवायला रजिस्टर तयार. आमच्या मुख्याध्यापकांना विचारलं तर म्हणाले करा, पण अठराच्या खाली कोणाला जाऊ देऊ नका. आता यावर काय करू ते सांगा.

मधल्या_सुट्टीतला

सर, अठरापासून वीसपर्यंत तीन पायऱ्या आहेत. अठरा गप्प बसणाऱ्याला, एकोणीस "संडे नो बस"ला, वीस "द बस डझ नॉट रन ऑन संडे"ला. बोर्डही खूश, मुख्याध्यापकही खूश.

कोयनाकाठ

हसू नका, तसंच करावं लागणार आहे बहुतेक. पण मी वीस "संडे नो बस"ला देणार.

शेवटचा_बाक

सर, ते एसटीच्या वेळांचे कागद मिळतील का? आमच्या कंपनीतर्फे शनिवारी एका शाळेत जपानी शिकवायला जातो आम्ही, नववीचा वर्ग आहे, त्यांना आकडे आणि वेळ येते आता. तोच प्रकार जपानीतून करून बघतो.

कोयनाकाठ

फोटो काढून संध्याकाळी व्यनि करतो. दुसऱ्या पानावरच्या वेळा मी मनाने भरलेल्या आहेत, कोणी खरंच त्या गाडीला जाऊन उभं राहू नका.